एक इंच खाली

महाळुंगे, ता. खेड
६ एप्रिल २०२५

सादिकाचे अब्बा,
अस्सलामु अलैकुम.

तुमच्या खोलीतल्या अफताबभाईंबरोबर पाठवलेलं सगळं पोहोचलं. खजुराचे दोन डबे, सादिकाचं घड्याळ, माझ्यासाठी हिरवं कापड. एक डबा शेजारी गवराबाईंकडे दिला. कापड शिवायला टाकलं, साडेतीनशे घेतले, अस्तराचे वेगळे. तुमच्या मोटरसायकलची बॅटरी उभ्या उभ्या मेली होती, ती नवी घातली, अठ्ठावीसशे. विमा भरला. धुराचा दाखला काढला. गाडी एक पाऊल चालली नाही आणि घरातल्या आम्हा दोघींपेक्षा तिचाच खर्च जास्त, हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

ईद चांगली झाली. शीरखुर्मा केला. तुमची वाटी सवयीने भरली. दुपारी सादिका विचारते, "अम्मी, ही कोणाची?" मी म्हटलं, "तूच खा."

आता मुद्द्याचं. परवा तुमचा पुतण्या शहेबाज आला. म्हणाला, "चाची, तळवड्याचा एक आयटीवाला चाचांची गाडी मागतोय. किंमत बरी देतोय. इथे पडून गंजण्यापेक्षा बरं." तो तुमचं गॅरेज नीट बघतो, त्याच्या बोलण्यात खोट नाही. मी म्हटलं, विचारते.

पण तो गेल्यावर मी अंगणात गेले. दार लावून घेतलं. गाडीवरची ताडपत्री काढली आणि चढून बसले. दोन्ही पाय हवेत. तुम्ही एवढे उंच, तुम्हाला काय कळणार? मी पाच फूट एक. खाली बघितलं तर विहिरीच्या काठावर बसल्यासारखं वाटलं. तेवढ्यात सादिका क्लासहून आली आणि हसत सुटली. "अम्मी, मिनारावर चढलीस की काय? अजान दे आता!"

हसू दे. मी वीस वर्षं स्कूटी चालवते. कांद्याची पोती आणलीत चाकणच्या बाजारातून. ही गाडी बुटक्या माणसाला चालवता येईल अशी करता येते का, तेवढं सांगा. येत असेल तर मी चालवीन, नसेल तर विकून टाकते. ताडपत्रीखाली रोज तिला बघायला मला नको वाटतं. फोनवर हे बोलता येत नाही. जुम्म्याला तुमच्या खोलीतले आठजण आणि आमच्या बाजूने सादिका, सगळेच बोलतात, आपण राहून जातो. म्हणून पत्र.

आणि ऑगस्टमध्ये करार संपतो. या वेळी सही करणार नाही, असं तुम्ही मागच्या दोन्ही वेळेस म्हणाला होता. खरं सांगा. येणार ना?

तुमची,
खैरुन्निसा


निझवा, ओमान
२४ एप्रिल २०२५

खैरू,
वालेकुम अस्सलाम.

गाडी विकायची नाही. त्या तळवड्याच्या पोराला सांग, दुसरीकडे बघ बाबा.

तू चालवणार हे वाचून मी एवढा हसलो की खोलीतले उठून बसले. विचारलं, चांदभाई, घरून काय आलं? सांगितलं नाही. आपल्या लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने तुला पाटावर उभं केलं होतं आणि वरून शरारा सोडला होता, आठवतंय? तो पाट अजून असेल तर गाडीबरोबर ठेव.

आता नीट वाच, आणि शहेबाजला वाचून दाखव. लोक आधी उंची कापायला धावतात. आधी रुंदी बघायची. सीट पुढून रुंद असली की पाय पहिल्यांदा बाजूला जातात आणि मग खाली. इंच तिथेच वाया जातो. सीटवाल्याकडून पुढचा भाग दोन्हीकडून निमुळता करून घे. वरचा फोम थोडाच काढायचा. जास्त काढला तर खालची पाटी टोचेल आणि तू मला शिव्या देशील.

मग मागच्या शॉकअपखाली दोन पट्ट्या आहेत. त्या काढून किंचित लांब पट्ट्या बसवल्या की गाडी मागून खाली बसते. जेवढी मागून बसेल तेवढीच पुढूनही उतरवायची, नाहीतर हँडल हट्टी होतं, वळायला सांगितलं तर ऐकत नाही. एक इंच. त्याहून खाली नको. शहेबाजच्या वयाची पोरं दोन-दोन इंच उतरवतात आणि मग पहिल्याच गतिरोधकाला गाडीचं पोट घासतं. उंच गाडी घेतली ती खड्ड्यांसाठी. पोट घासायचं असेल तर स्कूटी काय वाईट होती?

आणि दोन्ही पाय टेकायची हौस सोड. डावा एक पुरतो. थांबताना कमरेतून जरा डावीकडे सरकायचं, उजवा पाय ब्रेकवर. थांबायच्या आधी रस्त्याचा उतार बघायचा. उताराच्या बाजूला पाय टाकलास तर खाली जमीन सापडणारच नाही.

ऑगस्टचं विचारलंस. इन्शाल्ला येतो. सही करणार नाही. खुलताबादला तुझी मन्नत फेडायची राहिली आहे, ती याच गाडीवरून फेडू. मी पुढे, तू मागे. तोपर्यंत तू चालव, पण माझी जागा घेऊ नकोस.

चांद


महाळुंगे
१८ मे २०२५

सादिकाचे अब्बा,
अस्सलामु अलैकुम.

तुमचं पत्र शहेबाजला वाचून दाखवलं. पाटाचं वाक्य गाळलं.

सीट निमुळती झाली. पट्ट्या बसल्या. पुढूनही उतरवली. सगळं तुम्ही सांगितलं तसं, एक इंच. फक्त एक राहिलं. गाडी खाली आली, पण बाजूचा स्टँड पहिल्याएवढाच लांब. शहेबाज म्हणाला, "चाची, स्टँड कापून वेल्डिंग करायला लागेल. आज गुरुवार, कंपन्यांना सुट्टी, वेल्डिंगवाला पण बंद. उद्या करतो." गाडी अंगणात लावून गेला. ती कशी उभी होती म्हणाल, तर नमाजाच्या जमातीत उभी राहिल्यासारखी, ताठ. डावीकडे कलणं नाहीच.

दुपारी वारा सुटला. तुम्हाला माहीत आहे, आपल्या अंगणात गवराबाईंची बाज असते. बाजेवर त्यांच्या कुरडया वाळत होत्या.

आवाज ऐकून मी धावले तर गवराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "अगं खैरून, तुझा दादला तिकडं परदेशात आन त्याची गाडी माझ्या कुरडयांवर! येवढं अंगण पडलंय, हितंच निजायचं व्हतं व्हय तिला?"

मी घाबरून म्हटलं, "टाकीला पोचा आला का हो?"

"टाकीचं इचारतीय! कुरडयांचं इचार की आधी!"

मग दोघी मिळून गाडी उचलायला गेलो. हलेना. गवराबाई म्हणतात, "ह्यो तुझा नवरा असंच काय तरी जड आणून ठेवतो आन निघून जातो." त्या हसत होत्या. मला मात्र ते लागलं. शहेबाजला बोलावून उचलली. गाडीला काही झालं नाही. मी दोन दिवस त्यांच्याबरोबर गव्हाचा चीक घोटला, तेव्हा भांडण मिटलं. स्टँड आता कापला आहे. नीट कलून उभी राहते.

पुढच्या गुरुवारी कंपन्यांकडच्या रस्त्यावर गेलो. एक ट्रक नाही, एक माणूस नाही, नुसती गेटवरची कुत्री. शहेबाज स्कूटीवर मागे, सादिका त्याच्यामागे मोबाइल धरून. तुमचं हेल्मेट घातलं. डोळ्यांवर येत होतं, आत ओढणीची घडी घातली. बिस्मिल्लाह म्हणून क्लच सोडला. बंद पडली. पुन्हा सोडला, पुन्हा बंद. शहेबाज ओरडतोय, "चाची, घाबरू नका, गाडी तुम्हाला घाबरलीय!" तिसऱ्यांदा गेली.

थांबताना उतार बघितला. कमरेतून सरकले. डावा पाय टेकला. आख्खा नाही, पंजा. पण टेकला. एवढंच पुरे मला. आता याहून खाली नको.

एक गोष्ट लिहू की नको, असं झालंय. वरून रस्ता दिसतो तो स्कूटीवरून दिसत नाही. कंपन्यांच्या भिंतींच्या पलीकडचं शेत दिसतं. तुम्ही गाडी घेतल्यावर तीन महिने रोज संध्याकाळी अर्धा तास कुठे जायचात, मी चिडायचे, पेट्रोल जळतं म्हणायचे. तुम्ही हे बघायला जायचात. एकदा मला घेऊन का नाही गेलात? मी विचारलं असतं तर नेलं असतंत. मी पेट्रोलचंच विचारलं.

ऑगस्टमध्ये या. पुढे कोण बसायचं ते नंतर भांडू.

खैरुन्निसा


निझवा
३ जून २०२५

खैरू,

पत्र मिळालं. शाब्बास. क्लच हळू सोड.

बकरी ईदला येणं जमत नाही. कुर्बानीचं शहेबाजला सांगितलं आहे, तो बघेल. काम बदललं आहे. वर्कशॉपमधून काढून स्टोअरमध्ये बसवलं. सावलीत आहे, बरं आहे. पार्ट द्यायचे, सही घ्यायची. पगार तोच.

इकडे उकाडा फार. जास्त लिहीत नाही.

चांद


महाळुंगे
१० जुलै २०२५

सादिकाचे अब्बा,
अस्सलामु अलैकुम.

महिना झाला, पत्र नाही. फोन येतो, पण फोनवर तुम्ही "सगळं ठीक" एवढंच म्हणता आणि सादिकाला अभ्यासाचं विचारता. व्हिडिओत तुमचं तोंडच दिसतं. पूर्वी तुम्ही फिरत फिरत बोलायचात, मागे डोंगर दिसायचे, उंट दिसायचे. आता रोज तीच पिवळी भिंत.

मी गाडी गुरुवारी फिरवते. इंद्रायणीच्या पुलापर्यंत जाते, परत येते. मागे पेटीत भाजी येते, सोय झाली. गवराबाईंना एकदा मागे बसवलं. त्यांनी माझा खांदा असा धरला की अजून दुखतोय. उतरल्यावर म्हणतात, "ग्वाड लागलं गं. पन तुझ्या धन्याला ये म्हन आता. बाईनं किती दिस एकटीनं फिरायचं?"

तिकिटाचं काय झालं? ऑगस्ट आला. दुसरं काही विचारत नाही.

खैरुन्निसा


निझवा
२८ जुलै २०२५

खैरू,
वालेकुम अस्सलाम.

रागावू नकोस. लिहायला बसतो आणि राहून जातं.

साहेब म्हणतात, चांदभाई, अजून दोन वर्षं सही करा, स्टोअरला तुमच्यासारखा माणूस नाही. मी अजून सही केलेली नाही. ठरवायचं आहे.

तोपर्यंत एक काम कर. गाडी अजून उतरवून घे. शहेबाजला सांग, आणखी लांब पट्ट्या मिळतात, त्या घाल. सीटचाही फोम आणखी काढ, टोचलं तरी चालेल. दोन इंच तरी खाली यायला हवी. तुझ्यासाठीच सांगतोय. पंजा टेकून भागत नाही, पूर्ण पाय टेकला पाहिजे. आणि मागची पेटी आणि कॅरिअर काढून टाक. मागे सगळं सपाट असू दे. झालं की मला नीट माप घेऊन कळव, सीट जमिनीपासून किती राहिली. मग मी तिकिटाचं बघतो.

इकडे सगळं ठीक. मशिदीत नवा एसी बसवला आहे. नमाजाच्या शेवटच्या रांगेत, मागच्या सफमध्ये, भिंतीजवळ हवा छान लागते, मी तिथेच असतो हल्ली. सादिकाला दुआ. तू जपून चालव.

चांद


महाळुंगे
१४ ऑगस्ट २०२५

सादिकाचे अब्बा,
अस्सलामु अलैकुम.

तुमचं पत्र शहेबाजला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "चाची, हे चाचांनी लिहिलेलं नाही. एवढी खाली घेतली तर पोट घासेल. मला थोबाडीत मारून त्यांनीच शिकवलंय." मी म्हटलं, अक्षर त्यांचंच आहे.

मला आधी राग आला. वाटलं, बाईला जमलं हे बघवत नाही यांना. मग वाटलं, गाडी कुणाला तरी विकायची ठरवली आहे, कुणी माझ्याहून बुटका, आणि मला सांगायची हिंमत नाही. रात्रभर डोक्यात तोच बुटका.

सकाळी गाडीपाशी गेले. पेटी का काढायला सांगितली, हे काही केल्या कळेना. सीट खाली घेतली तर माझा पाय टेकेल, हे ठीक. पण पेटीचा माझ्या पाय टेकण्याशी काय संबंध? मग बसून बघितलं. डावीकडे उभी राहिले, उजवा पाय उचलून पलीकडे टाकला. पाय पेटीला घासून गेला. मला उचलता येतो म्हणून मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

पेटी कुणाला अडते? ज्याचा पाय वर जात नाही त्याला.

मग सगळं एका ओळीत आलं. पिवळी भिंत. स्टोअरमध्ये बसवलं. आणि मशिदीतली मागची सफ. सादिकाचे अब्बा, आपलं लग्न झाल्यापासून तुम्ही पहिली सफ सोडलेली मला माहीत नाही. अजान व्हायच्या आधी घरातून निघायचात, मागे उभं राहावं लागू नये म्हणून. तुम्ही एसीच्या हवेसाठी मागे जाल? मागे भिंतीला खुर्च्या लावलेल्या असतात. ज्यांना गुडघे टेकून सजद्यात जाता येत नाही ते तिथे बसून नमाज पढतात. ओमानची मशीद मी बघितलेली नाही, पण खुर्च्या सगळीकडे मागेच असतात.

मी जानमाज अंथरून त्यावर बसून खूप रडले. मग उठून स्वयंपाक केला. सादिकाला सांगितलेलं नाही. अफताबभाईंना फोन करून विचारू शकले असते, त्यांना माहीत असणार. विचारलं नाही. तुमच्या पायाचं मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही.

म्हणजे तुमचं गणित असं होतं. गाडी तुम्हाला चढता येईल एवढी खाली आली, तर यायचं. नाही आली, तर सही करून आणखी दोन वर्षं त्या भिंतीसमोर बसायचं. गाडीवर बसता येत नसलेला चांदभाई महाळुंग्यात उतरूच शकत नाही, असं वाटलं तुम्हाला. तुम्ही मला एवढंच ओळखलंत?

तर ऐका. गाडी मी उतरवणार नाही. एक इंच, त्याहून खाली नको, हे तुमचंच आहे. दोन इंच उतरवून खुलताबादच्या रस्त्याला पोट घासत जायचं नाही मला. पुढे मी बसेन. तुम्ही मागे. तुमचं वजन किती झालंय ते कळवा, मागे जड माणूस असला की शॉकअप आवळून घ्यावा लागतो, असं शहेबाज म्हणतो. बाकी त्याला मी काही बोलले नाही, पण त्याच्या डोळ्यांवरून त्याला कळलेलं आहे.

पेटी मात्र काढली. भाजी पिशवीत आणीन.

चढायचं कसं, तेही बघून ठेवलं आहे. आपल्या दारचा ओटा सीटच्या जरा खाली येतो. गाडी ओट्याला चिकटवून लावायची, मी पुढे बसून धरून ठेवायची. जो पाय जड आहे तो ओट्यावरच राहील. जो हलका आहे तो पलीकडे टाकायचा. काल गवराबाईंना एक गुडघा बांधून बसवून बघितलं. आधी म्हणाल्या, "माझं हाड मोडायला निघालीस व्हय?" पण बसल्या. मग विचारलं, "कुनासाठी गं हे?" मी सांगितलं. जाताना ओट्यावरची त्यांची बरणी उचलून घेऊन गेल्या, म्हणाल्या, "जागा मोकळी ऱ्हाऊ दे."

गॅरेजचं म्हणाल, तर तिथे खुर्ची आहे. शहेबाजचा हात चांगला आहे, पण गाडी चालू केली की आवाजावरून दुखणं ओळखायचं ते त्याला अजून जमत नाही. रोज कुणीतरी विचारतं, चाचा कधी येणार? बसून काम करायची तुम्हाला लाज वाटत असेल, तर मी इतकी वर्षं गॅरेजचा हिशेब बसूनच लिहिते आहे. मला कधी लाज वाटली नाही.

सही करू नका. ऑगस्ट गेला तर गेला, सप्टेंबरात या. विमानतळावर शहेबाज जीप घेऊन येईल, तिथे मी हट्ट धरणार नाही. पण चाकणच्या चौकापासून घरापर्यंत तुम्ही माझ्यामागे बसून यायचं. गुरुवार धरून या, रस्ता मोकळा असतो. भिंतींच्या पलीकडचं शेत मी दाखवीन तुम्हाला. हळूच नेईन.

फक्त एक गोष्ट मला इथे बसून कळत नाही. चाकणच्या चौकात मशिदीच्या पायऱ्यांपाशी मी गाडी लावणार आहे, तिथे ओट्याऐवजी पायरीवरून चढायचं. पायरी गाडीच्या डावीकडे घ्यायची की उजवीकडे, हे तुमच्या पायावर आहे. दुखतं कुठे, गुडघ्यात की खुब्यात, कसं झालं, कधी झालं, ते सगळं आल्यावर सांगा, नाही सांगितलं तरी चालेल. डावा की उजवा, तेवढं उलट टपाली कळवा.

तुमची,
खैरुन्निसा